ग्रीकांचे आदिकारण समजून घेताना : या चुका टाळा

विश्वाच्या आदिकारणाविषयी ग्रीकांनी काय म्हटले, याची टिपणे बहुधा एका ठरावीक रांगेत लिहिलेली असतात : थेलीझचे पाणी, ॲनॅक्झिमिनीझची हवा, हेराक्लायटसचा अग्नी आणि शेवटी ॲरिस्टॉटलचा अविचल चालक, म्हणजे स्वतः न हलता इतरांना हलवणारा. ही रांगच दिशाभूल करते, कारण थेलीझच्या नावावर असलेले उत्तर सर्व वस्तू मुळात कशाच्या आहेत या प्रश्नाचे आहे, तर ॲरिस्टॉटलचा चालक गती अखंड का चालू आहे या प्रश्नाचे. शिवाय थेलीझचे स्वतःचे लेखन उपलब्ध नसल्यामुळे ‘थेलीझ लिहितो’ अशी वाक्ये टाळावीत. त्याचे मत आपल्याला मुख्यतः दोन शतकांनंतरच्या ॲरिस्टॉटलकडून कळते, आणि त्या मतामागची कारणे सांगताना तोही ‘कदाचित’ म्हणतो.

सर्वांत मोठी आणि सर्वांत हट्टी चूक अविचल चालकाबाबत होते. कोणे एके काळी त्याने विश्वाला पहिला धक्का दिला, असे सर्रास लिहिले जाते. ॲरिस्टॉटलच्या मते मात्र विश्व अनादी आहे आणि ‘फिजिक्स’च्या आठव्या खंडात तो गतीला आरंभ असणे अशक्य ठरवतो. तेथे त्याचेच उदाहरण आहे : दगडाला काठी हलवते, काठीला हात आणि हाताला माणूस. ही साखळी काळात मागे जात नाही, ती याच क्षणी एकमेकांवर अवलंबून आहे, म्हणून चालक ‘पहिला’ आहे तो या अवलंबनाच्या क्रमात. ‘प्रत्येक गोष्टीला कारण असते, तर देवाला कोणी निर्माण केले?’ हा आक्षेपही येथे लागू पडत नाही, कारण ॲरिस्टॉटलचा मुद्दा जे हलते त्याला हलवणारे असते एवढाच आहे.

हा चालक हलवतो तरी कसा? ‘मेटाफिजिक्स’च्या बाराव्या खंडाचे उत्तर असे की, प्रिय वस्तू जशी स्वतः न हलता आपल्याकडे ओढते, तसा. त्यामुळे त्याला घाईने निमित्तकारण, म्हणजे कृती करून बदल घडवणारे कारण, म्हणून मोकळे होऊ नये. त्याच खंडात ग्रहगोलांच्या गतींसाठी अशा चालकांची संख्या 55, किंवा दुसऱ्या हिशेबाने 47, दिलेली आहे. एकेश्वरवाद शोधणारे वाचक हा भाग सोयीस्करपणे वगळतात, असे माझे निरीक्षण आहे.

पहिल्या धक्क्याचा हा गोंधळ वाढण्यास तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस ॲक्वायनसचे वाचन कारणीभूत मानले जाते, कारण त्याने हाच युक्तिवाद ख्रिस्ती ईश्वराच्या सिद्धीसाठी वापरला. तथापि, जगाला आरंभ होता हे तर्काने सिद्ध होत नाही, ते श्रद्धेनेच मानावे लागते, असे तोही स्पष्ट सांगतो.

प्लेटोच्या ‘टिमीअस’ या संवादातील विश्व घडवणारा दैवी कारागीर शून्यातून सृष्टी निर्माण करत नाही. आधीच असलेल्या अव्यवस्थेला तो शाश्वत आदर्शांकडे पाहून घडवतो. ही कथा शब्दशः घ्यावी की केवळ समजावण्यासाठी, यावर प्लेटोच्या निकटच्या अनुयायांपासूनच वाद आहे, म्हणून एकच अर्थ निर्विवाद म्हणून मांडू नये.

सर्व ग्रीकांनी आदिकारण मानले, असेही लिहू नये. डेमॉक्रिटसच्या अणूंची गती अनादी आहे, आणि जे नेहमीच तसे होते त्याचे कारण विचारण्याची त्याला गरज वाटत नाही. यावर ॲरिस्टॉटलचा प्रतिवाद असा की, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज नेहमीच दोन काटकोनांइतकी असते, तरीही त्यामागे कारण असतेच.