प्लास्टिकच्या पुनर्वापरात यायचंय? आधी भंगारच्या दुकानात बसा

चक्रीय अर्थव्यवस्थेत, म्हणजे वापरलेली वस्तू फेकून न देता पुन्हा कामात आणण्याच्या क्षेत्रात करिअर करायचं तर काय शिकू, असं मुलंमुली मला विचारतात. मी पुण्यात पुनर्वापराच्या प्लास्टिक दाण्याची, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून केलेल्या बारीक दाण्यांची तपासणी करते. माझं सांगणं एकच: अभ्यासक्रम निवडण्याआधी सुका कचरा जिथे निवडला जातो तिथे काही दिवस बसा. कुठली वस्तू पुन्हा कामी येणार आणि कुठली नाही, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

पाण्याची बाटली घ्या. बाटली 'पेट' नावाच्या प्लास्टिकची, झाकण एचडी किंवा पीपी या हलक्या प्लास्टिकचं. चुरा करून पाण्यात टाकला की झाकणाचे तुकडे तरंगतात, पेट तळाशी जातं. काम सोपं. पण बाटलीवरचं लेबल पीव्हीसी या वेगळ्या प्लास्टिकचं असेल तर तेही पेटबरोबर बुडतं. पेट वितळायला साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअस लागतात. तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी टिकत नाही, त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि माल पिवळा, ठिसूळ पडतो. तरंगणाऱ्या प्लास्टिकचं लेबल लावलं असतं तर हे टळलं असतं. नवं संशोधन म्हटलं की मुलांना मोठी यंत्रं आठवतात. मला विचाराल तर लेबल बदलण्याचा निर्णय त्या यंत्रांपेक्षा मोलाचा आहे. चिप्सच्या पाकिटाचंही तेच. वेगवेगळे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवणं परवडत नाही, म्हणून भंगारात त्याला भाव नाही आणि कोणी ते उचलत नाही.

हे ज्ञान कचरावेचक बायकांच्या बोटांत आहे. नुसतं चुरगाळून, आवाजावरून त्या प्लास्टिकची जात सांगतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, तिची मुळं एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामात आहेत. शिकवायला गेलेली माणसं या बायकांकडून शिकली. पुढे २००८ मध्ये त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करू लागली. पर्यावरण शिकणाऱ्या प्रत्येकाला हा इतिहास ठाऊक असायलाच हवा.

शिक्षणाचं म्हणाल तर दहावीनंतर 'सिपेट' या केंद्र सरकारच्या संस्थेत प्लास्टिक तंत्रज्ञानाची पदविका आहे. छत्रपती संभाजीनगरला त्यांचं केंद्र आहे. रसायनशास्त्रातले पदवीधरही या क्षेत्रात येऊ शकतात. घनता, ओलावा आणि वितळलेल्या प्लास्टिकचा प्रवाह मोजणं पक्कं करा. त्याला मागणी वाढणार आहे, कारण कडक प्लास्टिकच्या वेष्टनात, म्हणजे बाटल्या-डब्यांत, २०२५-२६ पासून ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के पुनर्वापराचा माल हवा, असं उद्दिष्ट केंद्राच्या प्लास्टिक कचऱ्याबाबतच्या २०२२ च्या नियमांनी घालून दिलं. तेवढा चांगला दाणा तपासायला माणसं लागतीलच.

मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही विचारा: माल येतो कुठून, आणि वेचणाऱ्याला किलोमागे काय मिळतं? जिथे याचं उत्तर मोकळेपणानं मिळेल, तिथे पगार थोडा कमी असला तरी रुजू व्हा.