गावची पावसाची वही विद्यापीठाच्या कामी कशी आणावी

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडं, रानाच्या कडेला आमचं गाव. तिथल्या मराठी शाळेत मी शिकवलं आणि शिकवता शिकवता सतरा वर्षं शाळेच्या आवारात पाऊस मोजला. निवृत्तीनंतर एका विद्यापीठाच्या पर्यावरण विभागातली मुलगी संशोधनासाठी गावात आली. मी सगळ्या वह्या तिच्यापुढं ठेवल्या. दोन दिवस ती त्या वाचत बसली आणि मग हळूच म्हणाली, “सर, पहिल्या सहा वर्षांचे आकडे मला घेता येणार नाहीत.”

तिचं बरोबर होतं. पहिली काही वर्षं भांडं नळाजवळ होतं. पुढं शेजारी पत्र्याची शेड झाली आणि पन्हळीचं पाणी भांड्यात उडू लागलं. मग मी भांडं हलवलं, पण कधी हलवलं ते कुठंच लिहिलं नाही. कित्येक दिवसांपुढं नुसतं “जोराचा पाऊस” एवढंच. सहा वर्षं रोज सकाळी केलेलं काम चार ओळी न लिहिल्यामुळं वाया गेलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक समजून घ्या, की विद्यापीठाला आपल्या वहीची गरज का पडावी. उपग्रहावरून पावसाचा अंदाज काढतात, त्यातला एक चौकोन साधारण दहा-अकरा किलोमीटरचा असतो आणि त्या अख्ख्या चौकोनाला एकच आकडा मिळतो. आपल्याकडं एवढ्या अंतरात पाऊस किती बदलतो ते तुम्हाला सांगायला नको. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीला आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि तीच नदी सौंदत्तीला पोचते तेव्हा दोन्ही तीरांना कोरडवाहू ज्वारीचा मुलूख असतो. जमिनीवर मोजलेला आकडा असेल तरच वरचा अंदाज बरोबर की चूक ते कळतं. पृथ्वीचं हवामान बदलतंय हे सांगणाऱ्या संस्था शेवटी अशाच आकड्यांवर उभ्या आहेत.

याचं मला सगळ्यात भावलेलं उदाहरण चार्ल्स कीलिंग यांचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतले हे शास्त्रज्ञ. १९५८ साली त्यांनी हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. जागा मुद्दाम निवडलेली, गावं आणि धुराडी यांच्यापासून दूर. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज तो ४२० च्या पुढं गेला आहे. दर वर्षी आकडा थोडा वर जातो, थोडा खाली येतो, कारण उत्तर गोलार्धातली झाडं पालवली की हा वायू शोषून घेतात आणि पानगळीनंतर पुन्हा सोडतात. पण पुढच्या वर्षी तो आधीच्या वर्षापेक्षा वरच राहतो. १९६४ साली पैशाअभावी ही मोजणी काही महिने बंद पडली होती. मूळ नोंदींत ती जागा आजही रिकामीच आहे. मुलांना मी हा आलेख फळ्यावर काढून दाखवायचो आणि सांगायचो, एक जागा, एक पद्धत, न चुकता मोजणी, आणि चुकलंच तर तसं लिहून ठेवणं. आपल्या वहीलाही हेच चार नियम.

आता भांडं. सरकारी पद्धतीचं पर्जन्यमापक मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर १६ सेंटिमीटर व्यासाचं, काठ सरळ असलेलं नरसाळं आणि पाच लिटरचा कॅन घ्या. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर येतं, म्हणजे २०.१ मिलिलिटर पाणी जमलं की १ मिलिमीटर पाऊस. औषधाच्या दुकानातून खुणा असलेलं मापपात्र आणा, जमलेलं पाणी मोजा आणि २०.१ नं भागा. अर्धा लिटर पाणी म्हणजे साधारण २५ मिलिमीटर. लहान बाटली ठेवू नका. हवामान खात्याच्या हिशेबानं चोवीस तासांत ११५.६ मिलिमीटरच्या वर गेला की अति जोरदार पाऊस. आपल्या घाटमाथ्याला असे दिवस येतात, आणि बाटली भरून वाहिली की नेमका तोच महत्त्वाचा आकडा हातचा जातो. पाच लिटरच्या कॅनमध्ये २४८ मिलिमीटरपर्यंत मावतं. त्याहून मोठा पाऊस येईल असं वाटलं तर संध्याकाळी एकदा मोजून पाणी ओतून टाका आणि सकाळच्या मापात ते मिळवा.

जागा उघडी हवी. जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर भांडं असावं. स्लॅबवर ठेवू नका, वाऱ्यानं थेंब बाहेर जातात. नरसाळ्याचं तोंड अगदी समपातळीत बसवा आणि भोवती कुंपण घाला, नाहीतर म्हशी अंग घासतात. आमच्याकडं एकदा तसं झालं आहे. बसवलं की चारही दिशांनी फोटो काढा आणि मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढं भांडं हललं, शेजारी घर झालं, झाड वाढलं किंवा तोडलं, तर त्या दिवशीच्या रकान्यात लाल शाईनं नोंद करा. माझ्या सहा वर्षांची किंमत या एका लाल ओळीत होती.

वेळ सकाळी साडेआठ. देशभर सरकारी केंद्रं याच वेळेला मोजतात. १५ जूनच्या सकाळचा आकडा म्हणजे १४ च्या साडेआठपासून १५ च्या साडेआठपर्यंतचा पाऊस, आणि तो १५ तारखेपुढं लिहायचा. पाऊस पडला नाही तर ० लिहा. मोजलंच नाही तर आडवी रेघ मारा आणि कारण लिहा: लग्नाला गेलो, ताप होता, काहीही. शून्य आणि रेघ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिकामी जागा दिसली की अभ्यासकाला यातलं काहीच कळत नाही आणि तो सगळा महिना बाजूला ठेवतो. चार दिवस मोजलं नाही आणि पाणी साठत राहिलं, तर एकूण आकडा लिहून “चार दिवसांचा” असं स्पष्ट म्हणा. अंदाजानं चार भाग करून वाटू नका.

रकान्यांची नावं मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत लिहा. पंचायतीचं काम कन्नडमध्ये चालतं आणि धारवाडच्या विद्यापीठांतून येणारी मुलं बहुतेक कन्नड बोलणारी असतात. आमच्या शाळेतल्या एका मुलानं मथळ्यात “मळे” लिहिलं होतं. कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस, आपण वाचतो ते शेतातले मळे. म्हणून मथळ्यापुढं एकक लिहिलंच पाहिजे. मि.मी. दोघांनाही कळतं.

नक्षत्रं सोडू नका. या गोष्टीवर माझा फार जीव आहे. आपली पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, त्यामुळं इंग्रजी तारखेशी त्यांचा मेळ दर वर्षी जवळपास तोच बसतो. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस ५-६ जुलैला, पुष्य म्हणजे म्हातारा पाऊस १९-२० जुलैला लागतो. शेजारच्या आज्जी मला म्हणाल्या होत्या, “आमच्या लहानपणी तरणा लागायच्या आतच वढ्याला पाणी यायचं बघा, गुरुजी.” त्या संशोधक मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं लगेच हिशेब मांडला, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्याआधी. ज्यांनी कधी कॅलेंडर पाहिलं नाही त्यांच्या आठवणीला अशी तारीख मिळते. मात्र आठवण आणि मोजमाप एका रकान्यात मिसळू नका. आठवणींची वही वेगळी ठेवा. कुणी सांगितलं, त्यांचं वय अंदाजे किती, कोणत्या शेताबद्दल किंवा ओढ्याबद्दल, एवढं लिहा.

जुने कागदही शोधा. जपानमध्ये क्योतोच्या चेरीला बहर कधी आला, याच्या नोंदी थेट इ.स. ८१२ पर्यंत मागं जातात. दरबारी मंडळींनी आणि भिक्षूंनी रोजनिशीत बहराच्या मेजवान्या लिहिल्या होत्या. ओसाकातल्या एका विद्यापीठाचे संशोधक यासुयुकी आओनो यांनी त्या एकत्र केल्या आणि बाराशे वर्षांचा वसंत जगापुढं ठेवला. २०२१ साली पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवरच्या साऱ्या नोंदींत सगळ्यात लवकर. आपल्याकडं देवस्थानच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत. आंब्या-फणसाचा लिलाव कोणत्या तारखेला झाला, पेरणीच्या आधीचा नारळ कधी वाढवला, काजूची पहिली पाटी बाजारात कधी गेली, हे कुणाच्या तरी रोजमेळात असतं. असा कागद दिसला तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. वाळवी वाट बघत नाही.

पावसाबरोबर विहीर मोजलीत तर नोंदींची किंमत कितीतरी वाढते. कठड्यावर रंगानं एक खूण करा, वजन बांधलेला टेप तिथूनच सोडा आणि कठड्याची उंची वजा करा, म्हणजे जमिनीपासून पाण्याची खोली मिळते. पंप लावायच्या आधी, पहाटे मोजा. दर महिन्याला जमलं नाही तर निदान मे महिन्यात आणि नोव्हेंबरात तरी मोजाच.

झाडांसाठी आठवड्यातला एक वार ठरवा. जांभूळ, फणस, पळस, ऐन, काजू यांतली चार-पाच झाडं निवडा, त्यांना क्रमांक द्या आणि दर वेळी तीच झाडं बघा. कोवळी पानं, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं, प्रत्येकापुढं “नाही”, “थोडी” किंवा “पुष्कळ” लिहा. एक तृतीयांशपेक्षा कमी असली तर थोडी. २०१० पासून चाललेल्या सीझनवॉच उपक्रमात देशभरची शाळकरी मुलं साधारण अशीच नोंद करतात. पद्धत तीच ठेवली तर आपलं जांभूळ केरळातल्या जांभळाशी ताडून बघता येतं. भारतीय विज्ञान संस्थेच्या पारिस्थितिकी केंद्रानं तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या रानात १९८८ पासून ५० हेक्टरचा तुकडा असाच धरून ठेवला आहे. तिथं एक सेंटिमीटर जाडीच्या रोपट्यालाही क्रमांक आहे. वणवा, दुष्काळ, हत्ती यांच्यातून कोणतं झाड तगलं हे नेमकं सांगता येतं, कारण कोणी ना कोणी पुन्हा त्याच झाडापाशी गेलं.

आता वही कुणाला द्यायची? धारवाडला कर्नाटक विद्यापीठ आणि कृषी विद्यापीठ आहे, कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय सिरसीला आहे. बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ. पाऊस आणि नदी सीमा बघत नाही, दोन्हीकडं लिहा. पत्र एका पानाचं हवं: जागा, कधीपासून मोजता, कशानं मोजता, कोणते महिने गाळले आणि भांडं कधी हललं. त्रुटी आधी सांगितल्या की समोरच्याचा विश्वास बसतो. सोबत एका महिन्याच्या पानाचा फोटो आणि एका वर्षाचा तक्ता जोडा. मूळ वही हातातून सोडू नका, फोटो द्या. जमलं तर मोजणी सुरू करण्याआधीच विचारा की तुमच्या कोणत्या प्रश्नाला हे उपयोगी पडेल. सुरुवातीलाच विचारलं असतं तर माझी सहा वर्षं वाचली असती.

आणि देण्याआधी गावानं आपल्या अटी सांगाव्यात. पूर्वी एक तुकडी आमच्याकडं आली, घरोघरी प्रश्नावली भरून घेतली, औषधी झाडं दाखवून घेतली आणि परत कधी फिरकली नाही. बायकांनी भाताची लावणी सोडून त्यांना वेळ दिला होता. त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून आम्ही तीन गोष्टी कागदावर लिहून घेतो. निष्कर्ष मराठीत आणि कन्नडमध्ये ग्रामसभेत वाचून दाखवायचे. शोधनिबंधात नोंद ठेवणाऱ्यांचा उल्लेख करायचा. आणि दुर्मिळ जिवांची नेमकी जागा कुठंही छापायची नाही. भीमगड अभयारण्याच्या रानात बारापेडेच्या गुहा आहेत, रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ जगाला पहिल्यांदा तिथं सापडलं. अशा प्राण्याच्या वस्तीला गर्दीनं धक्का लागतो. औषधी वनस्पतींच्या माहितीचा विषय निघाला तर पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला मध्ये घ्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं ती प्रत्येक पंचायतीत असायला हवी, आणि गावची लोक जैवविविधता नोंदवही करणं हे तिचंच काम.

त्या मुलीनं आमच्या उरलेल्या अकरा वर्षांचे आकडे नेले. पुढच्या वैशाखात ती परत आली, शाळेच्या ओसरीवर भिंतीला कागद चिकटवून तिनं आलेख समजावला आणि विहिरींचे आकडे का हवेत ते बायकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी चार घरांतून टेप मागायला माणसं आली.

शेवटचं काम सगळ्यात आधी करायचं आहे: दुसरा मोजणारा तयार करा. मी आता भांड्यापाशी दोन मुली आणि एक मुलगा नेमला आहे, तिघं वेगवेगळ्या वाड्यांतली, म्हणजे एका वाटेवर पाणी चढलं तरी कोणीतरी पोचतं. दर रविवारी तिघं मिळून एकच पाणी आळीपाळीनं मोजतात. तिघांचे आकडे एक मिलिमीटरच्या आत आले नाहीत तर पुन्हा मोजतात, आणि मगच शाईनं लिहितात.