दंतोपचारानंतर संरक्षक साहित्य कसे उतरवावे?

हँडपीस (दात कोरण्याचे हातात धरायचे यंत्र) आणि स्केलर (दातांवरचा कडक थर काढणारे यंत्र) पाण्यासोबत रुग्णाची लाळ व रक्त यांचे सूक्ष्म तुषार उडवतात, त्यामुळे उपचार संपतो तेव्हा हातमोज्यांइतकाच चष्मा, गाऊन आणि मास्कचा पुढचा भागही दूषित झालेला असतो. साहित्य चढवताना बहुतेक जण काळजी घेतात. खरी चूक ते उतरवताना होते, असे मला वाटते.

प्रथम हातमोजे आतली बाजू बाहेर येईल अशा रीतीने काढावेत आणि लगेच हात स्वच्छ करावेत, कारण मोज्याला डोळ्यांना न दिसणारे छिद्र असू शकते. त्यानंतर चष्मा किंवा फेसशील्ड मागच्या बाजूने धरून उतरवावे, मग गाऊन आतल्या बाजूने गुंडाळत काढावा. मास्क सर्वांत शेवटी, फक्त बंधांना धरून काढावा. तो हनुवटीवर ओढून पुढच्या रुग्णाशी बोलणे कटाक्षाने टाळावे. मग पुन्हा साबणाने हात धुवावेत किंवा अल्कोहोलयुक्त द्रावण २० ते ३० सेकंद चोळावे.

भारतातील जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार हातमोजे लाल पिशवीत, मास्क पिवळ्या पिशवीत आणि सुया छिद्र न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकाव्यात. हँडपीस नुसता पुसून पुन्हा कधीही वापरू नये. प्रत्येक रुग्णानंतर तो ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक झालाच पाहिजे.