मासा खातो, पण अंगी लागत नाही: शोभिवंत माशांतील जंतांची ओळख आणि उपचार

पावसाळा लागला की शोभिवंत मासे सांभाळणाऱ्यांचे लक्ष पांढरे ठिपके, बुरशी आणि गढूळ पाण्याकडे असते. पोटातले जंत याच दिवसांत टाक्यांत शिरतात आणि काही आठवडे उलटल्यावर, माल विक्रीला काढायच्या सुमारास डोके वर काढतात. तोवर एका टाकीचा प्रश्न सगळ्या शेडचा झालेला असतो.

हे याच हंगामात का होते, ते आधी समजून घ्या. डबकी आणि तळी भरली की त्यांत सायक्लॉप्ससारखे बारीक कवचधारी जीव मोठ्या संख्येने वाढतात. प्रजननाच्या माशांना जिवंत खाद्य मिळावे म्हणून आपण हातजाळी घेऊन तेच गाळून आणतो. जंतांच्या कित्येक जातींच्या अळ्या या सायक्लॉप्सच्या अंगात वाढतात. मासे असलेल्या तळ्यातून आणलेले जिवंत खाद्य हा जंत टाकीत येण्याचा सर्वांत सोपा रस्ता आहे. दुसरा रस्ता म्हणजे वेगळे न ठेवता थेट टाकीत सोडलेले नवे मासे.

लक्षणे कशी ओळखाल

जंतांनी मासे एका रात्रीत पडत नाहीत. सगळ्या टाकीतले मासे एकदम वर येऊन तोंड मारू लागले, तर आधी पाणी तपासा. जंतांमध्ये मासे सावकाश खंगतात. खाद्य टाकले की धावत येतात, पण अंग धरत नाहीत. पोट खपाटीला जाते, पाठ धारेसारखी दिसते आणि डोके शरीराच्या मानाने मोठे वाटू लागते. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांच्या माद्या कमी पिल्ले देतात. अधूनमधून एखाद-दुसरा मासा मरतो, पण कारण लक्षात येत नाही. पट्टकृमी (फितीसारखे चपटे जंत) जास्त झाले तर उलट पोट फुगलेले दिसते.

पिल्ले देणाऱ्या या माशांमध्ये सर्वाधिक त्रास कॅमॅलॅनस या लाल गोलकृमीचा होतो. फायटर, एंजल आणि डिस्कस यांच्यातही तो आढळतो. तो पाहण्याची उत्तम वेळ सकाळी, पहिले खाद्य टाकण्यापूर्वीची. मासे स्थिर असतात तेव्हा टाकीसमोर थोडा वेळ शांत बसा आणि माशांकडे मागच्या बाजूने पाहा. गुदद्वारातून दोन-चार तांबूस दोरे बाहेर आलेले दिसतात. मासा हलला की ते आत ओढले जातात, म्हणून घाईच्या फेरीत ते नजरेला पडत नाहीत. हा जंत आतड्याच्या भिंतीला तोंडाने घट्ट धरून रक्त पितो, त्यामुळे त्याचा रंग लाल असतो. दिसला म्हणून चिमट्याने ओढून काढू नका. जंताबरोबर आतडे फाटते आणि मासा हमखास जातो.

कॅमॅलॅनसची मादी अंडी घालत नाही, थेट जिवंत अळ्या सोडते. त्या तळाशी वळवळतात आणि हालणाऱ्या वस्तूवर झडप घालणारा मासा त्या खातो. एरवी मधल्या टप्प्यासाठी या जंताला सायक्लॉप्स लागतो, पण टाकीच्या बंदिस्त पाण्यात तो सायक्लॉप्सशिवायही माशातून माशात पसरत राहतो. म्हणूनच जिवंत खाद्य बंद केले तरी आधी शिरलेला जंत आपोआप संपत नाही.

डिस्कस आणि एंजल पाळणाऱ्यांनी कॅपिलॅरिया या केसासारख्या बारीक जंतावर नजर ठेवावी. तो बाहेर लोंबताना दिसत नाही. मासा गडद पडतो, कोपरा धरतो आणि पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा टाकतो. याची अंडी विष्ठेतून तळाच्या गाळात पडतात आणि तळ टिपणाऱ्या माशांच्या पोटात परत जातात. कोई, गोल्डफिश या कार्प कुळातल्या माशांत चपट्या, पांढऱ्या पट्टकृमीचा धोका असतो. तोही सायक्लॉप्समधूनच येतो आणि कोमट पाण्यात झपाट्याने वाढतो.

घोटाळा कुठे होतो

पांढरी विष्ठा दिसली की जंताचे औषध टाकायचे, ही सवय सोडायला हवी. उपाशी माशाची विष्ठाही पांढरी असते. हेक्झामिटा आणि स्पायरोन्युक्लियस या एकपेशीय परोपजीवींमुळेही अगदी तशीच विष्ठा दिसते, विशेषतः एंजल, डिस्कस अशा सिक्लिड कुळातल्या माशांत. त्यांच्यावर जंताचे औषध चालत नाही, तिथे मेट्रोनिडाझोल लागते. अंगावर बाहेरून रुतलेला, टोकाला दोन पिशव्या असलेला दोरा म्हणजे लर्निया. तो खवल्यांतून निघतो, गुदद्वारातून नाही, आणि नावाने अँकर वर्म असला तरी कृमी नसून कवचधारी प्राणी आहे. काचेवर किंवा वाळूत वळवळणारे बारीक पांढरे किडे बहुतेक वेळा उरलेल्या खाद्यावर जगतात. ते माशाच्या पोटातले नसतात, पण खाद्य जास्त पडते आहे एवढे नक्की सांगतात.

खात्री करायची तर सूक्ष्मदर्शक हवा. व्यवसाय म्हणून मासे वाढवणाऱ्याने साधा का होईना, एक घ्यावाच असे माझे ठाम मत आहे. ताजी विष्ठा ड्रॉपरने उचला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा, वर झाकणकाच ठेवा आणि ४० ते १०० पट मोठे करून पाहा. दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखी पिंपाच्या आकाराची अंडी दिसली तर कॅपिलॅरिया. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर कॅमॅलॅनसचा संशय धरा. सूक्ष्मदर्शक नसेल, तर आजारी पण जिवंत असलेला एक मासा पशुवैद्यकाकडे किंवा मत्स्यरोगाच्या प्रयोगशाळेत न्या. मरून काही तास झालेल्या माशातून फारसे कळत नाही.

औषध आणि मात्रा

कॅमॅलॅनस, कॅपिलॅरिया यांसारख्या गोलकृमींसाठी लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड टाकीच्या पाण्यात देता येते आणि खाणे सोडलेल्या माशालाही लागू पडते. मात्रा दर लिटर पाण्याला २ मि.ग्रॅ. शुद्ध औषध, २४ तास. ही मात्रा शुद्ध औषधाची आहे, पुडीच्या वजनाची नाही. बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून हिशेब एकदा मांडून पाहू. टाकीत पाणी १२० सें.मी. लांब, ४५ सें.मी. रुंद आणि ४० सें.मी. उंच आहे. गुणाकार करून १००० ने भागले की २१६ लिटर. वाळू-दगडांचे सुमारे १० टक्के वजा केले की अंदाजे १९५ लिटर. म्हणजे ३९० मि.ग्रॅ. शुद्ध लेव्हामिसोल. तुमच्याकडची भुकटी १० टक्क्यांची असेल, तर ती ३.९ ग्रॅम घ्यावी लागेल. १००० लिटरच्या हौदाला शुद्ध औषध २ ग्रॅम. अंदाजाने चमचा टाकू नका. कमी पडले तर जंत तगतात आणि पुढे त्याच औषधाला दाद देत नाहीत.

जनावरांसाठी मिळणाऱ्या काही औषधांत लेव्हामिसोलबरोबर दुसरे जंतनाशक मिसळलेले असते. असे मिश्रण टाकीत घालू नका, लेबल वाचून फक्त लेव्हामिसोल असलेलेच घ्या. आयव्हरमेक्टिनच्या वाटेला जाऊ नका. माशांसाठी ते फार विषारी आहे आणि औषधाची मात्रा व मारक मात्रा यांत अंतर फारच थोडे असते.

औषध टाकण्यापूर्वी फिल्टरमधला कार्बन काढा, यूव्ही दिवा बंद करा आणि हवा वाढवा. लेव्हामिसोल उजेडात विघटित होते, म्हणून टाकीचा दिवा मालवून काच झाकून ठेवा. हे औषध जंताला मारण्याऐवजी लुळा पाडते. त्याची पकड सुटते आणि मासा त्याला विष्ठेबरोबर बाहेर टाकतो. म्हणूनच दुसऱ्या दिवशी सायफन लावून तळ कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत ओढून घेणे आणि किमान निम्मे पाणी बदलणे हा उपचाराचाच भाग आहे. बाहेर पडलेले जंत आणि अळ्या तिथेच राहिल्या, तर मासे त्या परत खातात.

मासे नीट खात असतील तर फेनबेंडाझोल खाद्यातून देता येते. १ किलो खाद्यात २.५ ग्रॅम शुद्ध औषध, सलग ३ दिवस. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे जिलेटिनच्या कोमट द्रावणात ढवळून खाद्याला चोपडा, थंड झाल्यावर तुकडे करा आणि मासे एका बैठकीत संपवतील एवढेच टाका. टाकीत पाळलेल्या गोगलगायी असतील तर आधी हलवा, त्या या औषधाने मरतात. पट्टकृमींवर ही दोन्ही औषधे नकोत, तिथे प्राझिक्वांटेल: दर लिटरला २ मि.ग्रॅ., २४ तास.

कोणतेही औषध प्रथम दोन-तीन माशांवर वेगळ्या भांड्यात वापरून पाहा आणि पशुवैद्यकाचा सल्ला घ्या. ही मात्रा फक्त शोभिवंत माशांसाठी आहे. खाण्यासाठी वाढवलेल्या माशांच्या तळ्यात ही औषधे स्वतःच्या मनाने वापरू नयेत. फार खंगलेले काही मासे उपचारातही दगावतात, तेवढ्यावरून औषध अर्धवट सोडू नका.

दुसरा डोस टाळू नका

पहिल्या डोसनंतर लाल दोरे दिसेनासे होतात आणि काम झाले असे वाटते. पण अंडी आणि कोवळ्या अळ्या यांच्यावर औषधाचा पुरेसा परिणाम होत नाही. त्या मोठ्या होतात आणि महिनाभरात चित्र पूर्वीसारखे होते. म्हणून २ ते ३ आठवड्यांनी पूर्ण मात्रा पुन्हा द्या, मग तळ पुन्हा साफ करा. त्या टाकीतले सगळे मासे एकाच वेळी उपचारात घ्या. आजारी तेवढे बाजूला काढून भागत नाही. बाजूच्या टाक्यांत तीच जाळी फिरली असेल, तर त्याही धरा.

मिठाने आतले जंत जात नाहीत. टाकीत मीठ टाकून वाट पाहण्यात फक्त दिवस वाया जातात.

या हंगामात तळ्यातले जिवंत खाद्य बंद ठेवा. अंड्यांपासून उबवलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक कवचधारी जीव), मायक्रोवर्म (घरी वाढवता येणारे बारीक कृमी) किंवा मासे नसलेल्या झाकलेल्या टाकीत वाढवलेला डॅफ्निया (पाणपिसू) वापरा. नवे मासे ३ ते ४ आठवडे वेगळे ठेवा आणि त्यांची विष्ठा तपासूनच आत घ्या. उघड्या हौदांवर जाळी ताणा. मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेतून युस्ट्राँगिलिडिस नावाच्या जंताची अंडी पडतात, तळच्या गाळातल्या ट्युबिफेक्ससारख्या किड्यांतून तो माशात येतो आणि माशाच्या अंगात लाल वेटोळे करून बसतो. त्यावर उपयोगी पडेल असा उपचार नाही. प्रत्येक टाकीला वेगळी जाळी आणि वेगळी सायफन नळी ठेवा, वापरल्यावर ती पूर्ण वाळू द्या. रिकामा झालेला हौद गाळ काढून कोरडा खडखडीत झाल्याशिवाय भरू नका, आणि उपचाराचे पाणी ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका.