१२३४५६७८९ चे अवयव पाडताना या चुका टाळा

बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. ओळीने आलेल्या अंकांमुळे ही संख्या सोपी वाटते, पण अवयव पाडायला बसलेल्याला ती हमखास फसवते.

सुरुवात ठीक होते. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो आणि भागाकार १३७१७४२१ येतो. मात्र बेरजेचा हा नियम ३ आणि ९ पुरताच आहे, २७ ला तो लावू नका. भागाकाराच्या अंकांची बेरीज नव्याने करा. ती २६ भरते, म्हणजे आता ३ ने भाग जात नाही.

खरी चूक यापुढे होते. १००० पर्यंतच्या १६८ मूळ संख्यांपैकी एकीनेही १३७१७४२१ ला भाग जात नाही, म्हणून ती मूळ आहे असे ठरवून लोक मोकळे होतात. तपासणी वर्गमूळापर्यंत न्यावी लागते आणि इथे वर्गमूळ ३७०३ च्या थोडे पुढे आहे. पहिला अवयव सापडतो तो थेट ३६०७, म्हणजे ५०४ वी मूळ संख्या! इतके भागाकार हाताने करण्यापेक्षा फर्मा या गणितज्ञाची रीत वापरा. वर्गमूळाच्या लगतच्या मोठ्या पूर्णांकापासून वर्ग घेत जा, त्यातून संख्या वजा करा आणि बाकी पूर्ण वर्ग आहे का ते बघा.

३७०४² − १३७१७४२१ = २१९५, पूर्ण वर्ग नाही.
३७०५² − १३७१७४२१ = ९६०४ = ९८².

म्हणून अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. दोन्ही मूळ आहेत. दोन पायऱ्यांत काम झाले, कारण हे अवयव एकमेकांच्या जवळ आहेत. ते दूर असले की हीच रीत फार रेंगाळते, म्हणून लहान मूळ संख्या आधी तपासायच्याच.

तर १२३४५६७८९ = ३² × ३६०७ × ३८०३. इथे ३ चा घातांक विसरला की पुढचे सगळे बिघडते. विभाजक ८ नव्हे, ३ × २ × २ = १२. त्यांची बेरीज काढताना ३² साठी ४ × ४ नव्हे, १ + ३ + ९ = १३ घ्या; उत्तर १३ × ३६०८ × ३८०४ = १७८४२२८१६. १२३४५६७८९ हून लहान आणि तिच्याशी सहमूळ (म्हणजे १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या मोजताना ३² चा वाटा २ × २ नसून ६ असतो: ६ × ३६०६ × ३८०२ = ८२२६००७२.

१२३४५६७८९ ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून ही संख्या दोन वर्गांची बेरीज असेल असे समजू नका. तेवढ्यावर निष्कर्ष काढता येतो तो मूळ संख्येबाबत. इथे ३६०७ ला ४ ने भागल्यावर ३ उरतात आणि त्याचा घातांक विषम आहे, त्यामुळे तशी मांडणी अशक्य आहे.

१२३४५६७८९ चा वर्ग करताना एक्सेलवर विसंबू नका. ते १५ अंकच सांभाळते आणि १५२४१५७८७५०१९०५०० दाखवते. या अंकांची बेरीज ६०. ९ ने भाग जात नाही, म्हणजे उत्तर चूक. खरा वर्ग १५२४१५७८७५०१९०५२१, बेरीज ६३.