ओळींच्या पहिल्या अक्षरांत आपोआप जुळलेले शब्द कसे शोधावेत

मनाच्या श्लोकांतला नववा श्लोक काढा आणि चार ओळींची पहिली अक्षरं खाली उतरवा: न, अ, घ, न. मधली दोन मिळून ‘अघ’, म्हणजे पाप; आणि श्लोकही पापावरच आहे! रामदासांनी हे मुद्दाम गुंफलं असं म्हणायचा मोह होतो. तो आवरायचा तर नियम आधी कागदावर लिहावेत, पुस्तक मग उघडावं.

अक्षर काना-मात्रेसकट धरायचं की नुसतं व्यंजन? फक्त वरून खाली वाचायचं की उलटंही? दुसऱ्या श्लोकात म, त, ज, ज येतात; खाली वाचलं तर ‘मत’, वर वाचलं तर ‘तम’. जितक्या सवलती घ्याल तितके शब्द वाढतात आणि त्यांची किंमत उतरते. पूर्ण अक्षर, एकच दिशा, श्लोकाची हद्द ओलांडायची नाही, एवढं कडक ठेवलेलं बरं.

मजकूर पद्यच घ्या. गद्यात ओळ कुठे तुटेल ते छापखाना ठरवतो. ओव्या पुष्कळदा दोन ओळींत छापलेल्या असतात, त्या दंडापाशी (‘।’ या उभ्या रेघेशी) तोडून चरण वेगळे करा. स्प्रेडशीटमध्ये ‘लेफ्ट’ सूत्रानं पहिलं अक्षर काढू गेलात तर ‘विवेके’मधून नुसता ‘व’ येतो, कारण युनिकोडमध्ये वेलांटी हे वेगळं चिन्ह आहे. ‘ज्ञा’ तर चार चिन्हांचा. दोन-तीनशे श्लोक असतील तर हातानं उतरवणंच सोपं.

आता योगायोगाचा हिशेब. मनाचे श्लोक २०५, प्रत्येकात शेजारच्या तीन जोड्या, म्हणजे ६१५ जोड्या. एवढ्यांत दोन अक्षरी शब्द निघणारच. ‘मना’नं सुरू होणाऱ्या ओळी लागोपाठ आल्या की ‘मम’ मिळतं, ते मोजू नका (ममत्व सोडा म्हणणाऱ्या काव्यात ते सापडावं ही गंमत खरी). उरलेल्या ओळींचा क्रम दहा वेळा पिसा आणि दर वेळी शब्द मोजा. मूळ क्रमात सापडलेले शब्द तेवढेच असतील तर कवीचा त्यात हात नाही. मुद्दाम केलेली रचना लांब आणि सलग असते: रामदासांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘विवेके करावे कार्यसाधन’ या पत्रात चरणांच्या आद्याक्षरांतून ‘विजापूरचा सरदार निघाला आहे’ अशी १४ अक्षरं ओळीनं येतात.

सगळ्यात जास्त घात पाठभेद, म्हणजे एकाच मजकुराच्या निरनिराळ्या प्रतींतले फरक, करतात. रामायणात दर हजार श्लोकांचं पहिलं अक्षर घेत गेलं की गायत्रीची २४ अक्षरं मिळतात, अशी परंपरा आहे. पण बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिरानं १९६०–७५ मध्ये काढलेल्या चिकित्सक (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या) आवृत्तीत श्लोकच सुमारे १९ हजार. त्या प्रतीत २४ अक्षरांचा हिशेब बसायचाच नाही. म्हणून सापडलेला शब्द किमान दोन वेगळ्या संपादकांच्या प्रतींत ताडून पाहा. बडोदेकरांना मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी मराठी पुस्तकं चाळता येतात. वहीत श्लोकाचा क्रमांक, संपादक, आवृत्तीचं वर्ष आणि आपण लावलेला नियम, चारही लिहा.