चित्रचोरीची रहस्यकथा मुलांसोबत कशी अभ्यासावी

ब्लू बॅलिएट यांची ‘चेसिंग व्हर्मीर’ ही इंग्रजी कादंबरी २००४ साली आली. शिकागोत सहावीत शिकणारे पेट्रा आणि काल्डर, डच चित्रकार व्हर्मीरच्या चित्राची चोरी, चोराने जाहीरपणे लिहिलेली पत्रं आणि मधूनच घडणाऱ्या, कशातच न बसणाऱ्या घटना. सहावी ते आठवीच्या मुलांना ती झेपते. सेमी इंग्रजीतल्या मुलांनाही झेपते, फक्त सोबत एक मोठं माणूस बसायला हवं. साताऱ्यात मे महिन्याच्या सुट्टीत चार-सहा मुलं जमवून ती वाचायची असेल, तर पुढची पद्धत करून पाहा.

आधी एक सांगतो. चोर कोण, या प्रश्नामागे मुलांना पळवू नका. ‘तुला हे कशावरून कळलं?’ हा प्रश्न या पुस्तकाइतका रंगवून मुलांपुढे ठेवणारी पुस्तकं मला फार थोडी माहीत आहेत. त्यामुळे शेवटची पानं कुणी आधी उघडायची नाहीत आणि मोबाईलवर उत्तरं शोधायची नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

वही आखा

प्रत्येकाला एक दोनशे पानी वही. पानावर तीन रकाने: दिसलं, सांगितलं, वाटलं. सुरुवातीलाच तीन माणसांना गूढ पत्रं येतात. पत्रं आली, हे ‘दिसलं’मध्ये. पत्रातला मजकूर ‘सांगितलं’मध्ये, कारण तो खरा असेलच असं नाही. ‘हा चोरच असणार’ हे ‘वाटलं’मध्ये. कोणती गोष्ट कुठे लिहायची यावर मुलं भांडतील. भांडू द्या, अभ्यास तिथेच होतो.

एका बैठकीला एकच प्रकरण, मोठ्याने. ज्या शब्दावर धागा अडकलाय तेवढ्याचाच अर्थ सांगा, बाकीचे ओघात कळतात.

चित्र खरोखर बघा

चोरीचं प्रकरण येण्याआधी, जे चोरीला जातं ते ‘अ लेडी रायटिंग’ हे चित्र मोठ्या पडद्यावर दाखवा. साधारण १६६५ चं हे चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग लिहायचं: फरची कड असलेलं पिवळं जाकीट, केसांतल्या फिती, टेबलावर मोत्यांचा सर, हातात लेखणी, आणि लिहिता लिहिता आपल्याकडे वळलेली नजर. तेच जाकीट व्हर्मीरच्या आणखी काही चित्रांत सापडतं. ते शोधायला मुलांना मजा येते.

व्हर्मीर (१६३२–१६७५) नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा. त्याची म्हणून मानली जाणारी चित्रं जेमतेम पस्तीसच्या आसपास, आणि त्यातली खरी कोणती यावर अजून वाद चालतो. कादंबरीतला चोर हीच शंका उकरून काढतो. पुढे २०२२ मध्ये याच वॉशिंग्टनच्या संग्रहालयाने आपल्याकडचं ‘गर्ल विथ अ फ्लूट’ व्हर्मीरचं नाही, असं जाहीर केलं. ही बातमी मुलांना सांगाच, पण अर्धं पुस्तक झाल्यावर.

त्यानंतर सातारा जिल्ह्यातल्या औंधला जा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी उभारलेलं श्री भवानी संग्रहालय यमाईच्या डोंगरावर आहे. तिथे रविवर्म्याची तैलचित्रं आहेत. जाण्याआधी घरातल्या, आजीच्या देवघरातल्या रविवर्मा छापाच्या जुन्या तसबिरीचा फोटो काढून न्या. मूळ तैलचित्रासमोर उभं राहून विचारा: यात असं काय दिसतं, जे आपल्या छापात नाही? जवळून ब्रशचे फटकारे बघू द्या, मग चार पावलं मागे यायला सांगा. साप्ताहिक सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, नाहीतर एसटीचा अख्खा प्रवास वाया जाईल.

सांकेतिक लिपी मराठीत करा

काल्डरच्या खिशात पेंटोमिनो असतात: प्रत्येकी पाच चौकोनांचे बारा तुकडे. पुठ्ठ्यावर इंचाचे चौकोन आखून ते घरीच कापता येतात. एकूण साठ चौकोन होतात, त्यामुळे सहा बाय दहाचा आयत जुळवता येतो. त्याचे २३३९ मार्ग आहेत, तरी पहिला सापडायला घाम फुटतो!

तुकड्यांना एफ, आय, एल, एन, पी, टी, यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड अशी आकारावरून नावं आहेत. काल्डर आणि त्याचा मित्र ही नावं वापरूनच एकमेकांना गुप्त पत्रं लिहितात. ती पद्धत देवनागरीला जशीच्या तशी चालत नाही, मात्र आपली पारंपरिक बाराखडीही बाराच खान्यांची. म्हणून क ते ज्ञ या छत्तीस व्यंजनांना १ ते ३६ आकडे द्या आणि बाराखडीच्या खान्यांना क्रमाने बारा तुकडे. ‘कराड’ होतं १-एफ, २७-आय, १३-एफ. जोडाक्षरातल्या अर्ध्या अक्षराच्या आकड्याखाली रेघ मारा, नुसत्या स्वराला शून्य. नंतर ‘सातारा’ लिहायला सांगा: ३२-आय, १६-आय, २७-आय. आय तीनदा आला, म्हणजे ही लिपी शत्रूला कशी फोडता येईल, हे चुणचुणीत मुलाला लगेच दिसतं. पुस्तकातल्या ब्रेट हेल्क्विस्ट यांच्या चित्रांतही एक संदेश दडलेला आहे. तिथले बेडूक आणि तुकडे मुलांनाच हुडकू द्या.

अगम्य घटनांशी कसं वागायचं

पेट्राच्या हाती चार्ल्स फोर्टचं ‘लो!’ (१९३१) हे पुस्तक लागतं. हे पुस्तक खरोखरचं आहे. आकाशातून बेडूक-मासे पडल्याच्या आणि तसल्या बातम्या फोर्टने वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांतून, मासिकांतून गोळा केल्या. मुलंही आठवडाभर पेपरातून अशी कात्रणं काढतील. प्रत्येक कात्रणाखाली लिहायचं: कुणी पाहिलं, कुणी ऐकलं, दुसरं कारण काय असू शकेल.

इथे मात्र मी कादंबरीच्या एक पाऊल पुढे जाईन. तिच्यात योगायोग जुळत जातात आणि ते वाचायला फार छान वाटतं. पण साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी चमत्काराचा दावा तपासून पाहण्यासाठी आयुष्य वेचलं; या गावच्या मुलांना ती सवय लागायलाच हवी. म्हणून जुळलेल्या योगायोगांसोबत न जुळलेलेही लिहायला लावा. बारा तुकडे आणि बारा खाने हा योगायोग कुठल्या रकान्यात जाईल, हे त्यांनाच विचारा.

शेवटी पत्र

पुस्तक संपलं की पहिलं प्रकरण पुन्हा वाचा आणि ‘वाटलं’मधल्या किती नोंदी खोट्या ठरल्या ते लाल पेनाने खुणवा. मग प्रत्येकाने चोराला उत्तर लिहायचं, एक पानभर: औंधला पाहिलेलं एक चित्र निवडून, ते मूळ आहे हे मी कशावरून ठरवेन. निदान तीन कारणं द्यायची, आणि ती तिन्ही ‘दिसलं’मधलीच हवीत.